कंठमणी घासला म्हणजे आवाज बारीक होत नाही

पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मैत्रिणींना हमखास मिळणारा सल्ला: गळ्यावरचा उंचवटा काढून टाक, आवाज आपोआप बायकी होईल. हे खरं नाही. त्या शस्त्रक्रियेत कूर्चेचा पुढे आलेला भाग तासतात. गळा सपाट दिसतो, आवाज तोच राहतो. उलट जास्त खोल तासलं, तर स्वरतंतूंची पुढची पकड सुटून आवाज आणखी घोगरा होऊ शकतो. म्हणून हे नीट समजून घ्या.

वयात येताना आवाज फुटतो तो स्वरतंतू लांब आणि जाड झाल्यामुळे. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घेऊन ते पुन्हा आखूड होत नाहीत.

आवाजाची पट्टी चढवणाऱ्या शस्त्रक्रिया वेगळ्या आहेत. कंठमण्याच्या खालच्या खाचेत बोट ठेवून वरचा सूर लावा, खाच मिटताना जाणवेल. जुन्या पद्धतीत हीच खाच टाक्यांनी कायमची मिटवून तंतू ताणतात. पण बऱ्याच जणींचा ताण पुढे सैलावतो. वेंडलर पद्धतीत तोंडावाटे दुर्बीण घालून तंतूंची पुढची टोकं एकमेकांना शिवतात. कंप पावणारी लांबी घटते, पट्टी चढते. बाहेरून व्रण नसतो. नंतर काही दिवस कडक मौन, आणि आवाज थोडा क्षीण होण्याची किंवा घोगरा राहण्याची शक्यता.

तरीही पट्टी म्हणजे सगळा आवाज नव्हे. घुमारा आणि बोलण्याची लय सरावानेच बदलते, त्यामुळे वाचा-उपचारतज्ज्ञ आधी गाठा. कित्येकींना तेवढंच पुरतं.