मॉर्फिनची सवय आणि मॉर्फिनचं व्यसन

डॉक्टर विचारतात, “दुखतंय का?” आणि रात्रभर कूस बदलत काढलेला रुग्ण म्हणतो, “तसं बरंय.” घरी आल्यावर गोळीचे दोन तुकडे होतात. अर्धी आत्ता, अर्धी अगदीच सहन झालं नाही तर. कॅन्सरच्या दुखण्यात हे सर्रास चालतं. दुखणं वाढलं म्हणजे आजार वाढला, ही धास्ती असते; डॉक्टरांच्या मागे सारखं काय लागायचं, हा संकोचही असतो. पण मॉर्फिनचं, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या अफूवर्गीय औषधाचं, नाव निघालं की सगळ्यांवर मात करते ती व्यसनाची भीती.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. काही आठवडे रोज मॉर्फिन घेतलं की शरीर त्याला सरावतं. मग ते एकदम बंद केलं तर घाम फुटतो, नाक गळतं, जुलाब होतात, जीव अस्वस्थ होतो. हा शरीरधर्म आहे. ज्याला औषधाची जराही ओढ नाही त्यालाही हे होतं. रेडिएशनने गाठ आकसून दुखणं कमी झालं, तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. स्टिरॉइडही बरेच दिवस घेतल्यावर असेच हळूहळू बंद करतात, पण त्याला कोणी व्यसन म्हणत नाही.

व्यसनात दुखणं असो-नसो, औषध हवंच असतं. घेण्यावर ताबा राहत नाही, नुकसान दिसत असूनही घेणं थांबत नाही. दुखण्यासाठी नीट देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्यांत हे सहसा होत नाही. आधी दारूचं किंवा कसलं व्यसन असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगावं. तरीही दुखण्यावर औषध मिळतंच, फक्त लक्ष जास्त ठेवतात.

घरच्यांना सगळ्यात फसवतं ते घड्याळ. साधी मॉर्फिनची गोळी साधारण चार तास पुरते. तिसऱ्या तासालाच रुग्ण घड्याळाकडे बघू लागला की कुजबुज सुरू होते, “बघा, लागली चटक.” बहुतेक वेळा डोस अपुरा पडत असतो. तो डॉक्टरांकडून नीट बसवून घेतला की ते बघणं आपोआप थांबतं. दुखण्याची वाट न बघता ठरल्या वेळेला गोळी द्यावी, हे जागतिक आरोग्य संघटनेने 1986 सालीच सांगितलं होतं.

“आत्ताच घेतलं तर पुढे काय उरेल?” हाही प्रश्न येतो. पॅरासिटामॉलला दिवसाची कमाल मर्यादा आहे, मोठ्या माणसाला 4 ग्रॅम. मॉर्फिनला तशी ठरावीक मर्यादा नाही; दुखणं वाढलं तर डॉक्टर बेताबेताने डोस वाढवू शकतात. स्वतःच्या मनाने मात्र वाढवू नये.

मॉर्फिनमुळे होणारी मळमळ आणि गुंगी यांनाही शरीर बहुधा काही दिवसांत सरावतं. बद्धकोष्ठतेला मात्र सरावत नाही, आणि तिला कंटाळून गुपचूप गोळी सोडणारेही असतात. म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच मागून घ्यावं.