पार्श्वभूमी : ‘राजद्रोह’, ‘देशद्रोह’ आणि मधली ‘अप्रीती’

भारतीय दंड संहितेतील राजद्रोहाचे कलम 124-अ हे 1 जुलै 2024 रोजी त्या संहितेबरोबरच रद्द झाले आणि भारतीय न्याय संहितेचे कलम 152 लागू झाले. ‘राजद्रोह’ जाऊन ‘देशद्रोह’ आला, असे सरकारतर्फे संसदेत सांगण्यात आले; मराठी मथळ्यांतून मात्र हे दोन्ही शब्द कित्येक वर्षे एकाच अर्थाने वापरले जात होते. त्यांच्यातील फरक किरकोळ नाही. राजद्रोह हा राज्यकर्त्यांविरुद्धचा गुन्हा आहे. सरकारवर कठोर टीका करणाऱ्या संपादकाला देशद्रोही ठरवायचे, तर सरकार म्हणजेच देश असे आधी गृहीत धरावे लागते.

124-अ हे कलम 1870 मध्ये दंड संहितेत घालण्यात आले. त्यातील ‘डिसअफेक्शन’ या कळीच्या इंग्रजी शब्दाला मराठीत ‘अप्रीती’ म्हणतात, आणि सारा गुंता याच शब्दात आहे. 1897 मध्ये ‘केसरी’च्या संपादकांवरील खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, आणि तिची तीव्रता किती हा प्रश्नच गैरलागू, असे ज्युरीला समजावून सांगितले. म्हणजे सरकारविषयी मनात प्रेम नसणे हेच गुन्ह्याचे बीज ठरले. नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपीय होते. त्या सहांनी दोषी ठरवले, तिघा भारतीयांनी निर्दोष. ज्या मजकुरावर खटला उभा होता तो मराठीत होता आणि बहुमताने निकाल देणाऱ्यांना तो इंग्रजी भाषांतरातूनच वाचावा लागला. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी सरकारने कलमात दुरुस्ती करून द्वेष व तुच्छता हे शब्द घातले आणि अप्रीतीत सर्व प्रकारची वैरभावना येते, असा खुलासा जोडला. 1908 च्या खटल्यात त्याच संपादकांनी स्वतःचा बचाव स्वतः करताना सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि कोणत्या मराठी शब्दाची इंग्रजीत कोणती छटा चढवली गेली, हे दाखवण्याचा प्रयत्न केला. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले. शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची, प्रत्यक्षात मंडालेचा तुरुंग. शब्दार्थाचा वाद इतकी किंमत मागू शकतो, हे मराठी पत्रकारितेला तेव्हापासून ठाऊक आहे.

डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या मसुद्यातून ‘राजद्रोह’ हा शब्द वगळला. कलम मात्र दंड संहितेत तसेच राहिले, आणि ही विसंगती पुढच्या सर्व वादांच्या मुळाशी आहे. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे निर्बंधाचे कारण जोडले. त्याच आधारावर 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, पण हिंसेला चिथावणी किंवा सुव्यवस्था बिघडवण्याचा कल असेल तरच ते लागू होईल, अशी मर्यादा घातली. ही मर्यादा निकालपत्रात राहिली. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवणाऱ्याच्या समोर असे ते जुनेच शब्द. 1974 पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हा गुन्हा दखलपात्र केला, म्हणजे वॉरंटाशिवाय अटकेची वाट मोकळी झाली.

2012 मध्ये मुंबईत एका व्यंगचित्रकाराला याच कलमाखाली अटक झाली. त्या प्रकरणात उच्च न्यायालयासमोर मान्य झालेली इंग्रजीतील मार्गदर्शक तत्त्वे पोलिसांपर्यंत पोहोचवण्यासाठी राज्य शासनाने ऑगस्ट 2015 मध्ये मराठी परिपत्रक काढले. पोलिसांना आवर घालण्यासाठीच्या या परिपत्रकाच्या शब्दरचनेतून लोकप्रतिनिधींवरील टीकाही राजद्रोह ठरू शकते, असा अर्थ निघू लागला. टीका झाली, प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले आणि ऑक्टोबरमध्ये शासनाने परिपत्रक मागे घेण्याची तयारी दाखवली. 1897 मध्ये मराठीचे इंग्रजी झाले होते, इथे इंग्रजीचे मराठी. दोन्ही वेळा झळ बसली ती लिहिणाऱ्याला आणि चित्र काढणाऱ्याला.

मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 124-अ खालील कारवाई स्थगित ठेवण्यास सांगितले आणि सप्टेंबर 2023 मध्ये त्याच्या वैधतेचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. नव्या कलम 152 मध्ये ‘अप्रीती’ नाही. सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणे आणि फुटीरतेच्या भावनांना प्रोत्साहन देणे, असे शब्द आहेत, तर जन्मठेपेला पर्यायी कैदेची मर्यादा तीन वर्षांवरून सातवर गेली आहे. ‘भावना’ हा शब्द मात्र अजून कलमात आहे, आणि त्याचा अर्थ कुठवर ताणायचा, हे न्यायालयांना ठरवावे लागणार आहे.