घरी डायलिसिस मशीन बसवायचंय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी पाहा

प्रकृती स्थिर आहे का, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) किंवा कॅथेटर (रक्तवाहिनीत बसवलेली नळी) नीट चालतो का, हे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडाचे डॉक्टर, आधीच पाहून ठेवतात. शिफारसपत्र, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीसकट रक्ताचे रिपोर्ट, ओळखपत्र ही कागदपत्रं सहसा डायलिसिस केंद्रातच जमतात. अर्ज परत येतो तो घराच्या कागदांवरून.

पहिला अडथळा घरमालकाचं संमतीपत्र. नळाला जोड, सांडपाण्याची वेगळी लाइन, मशीनसाठी स्वतंत्र वायरिंग, हे सगळं भाड्याच्या घरात परवानगीशिवाय होत नाही. 'मालकांची हरकत नाही' असं तोंडी सांगून भागत नाही. शिवाय नुसतं 'मशीन ठेवायला संमती' एवढंच लिहून आणलं तर तेही परत येऊ शकतं. नळ, ड्रेनेज आणि वीज हे तिन्ही शब्द त्यात हवेत. मालक परगावी असेल तर पहिलं काम हेच करा.

दुसरा, आणि सगळ्यात चिवट, पाण्याचा अहवाल. लोक पिण्याच्या पाण्याचा दाखला जोडतात आणि तो चालत नाही म्हटल्यावर वैतागतात. वैताग रास्त आहे, कारण फॉर्मवर नुसतं 'पाणी तपासणी' लिहिलेलं असतं. पण नेहमीच्या मशीनवर चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण 120 लिटर द्रव लागतो, आणि त्याच्या व रक्ताच्या मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. पाणी निर्जंतुक ठेवणारं क्लोरामाइन पिताना बाधत नाही, पण रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून क्लोरीन, क्लोरामाइन, ॲल्युमिनियम, जिवाणू आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंमधून सुटणारं विष) यांची वेगळी तपासणी लागते. स्वयंपाकघरातल्या आरओचं बिल जोडून उपयोग नाही.

मुदत इथेच चुकते. जिवाणूंच्या तपासणीला सात दिवस लागू शकतात. अहवालाची वैधता नमुना घेतल्याच्या दिवसापासून धरतात की अहवालाच्या तारखेपासून, हे नमुना देण्याआधी विचारून घ्या, नाहीतर पाण्यासाठी पुन्हा पहिल्यापासून.

विजेसाठी अर्थिंग आणि ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याचं परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं पत्र सहसा पुरतं.

प्रशिक्षण कित्येक आठवडे चालतं. मदतनीस म्हणून ज्याचं नाव लिहाल त्यालाच सुया लावणं, अलार्म ओळखणं शिकावं लागतं. लांब राहणाऱ्या, नोकरीमुळे सुट्टी न मिळणाऱ्या मुलाचं नाव केवळ रकाना भरायला टाकू नका. प्रशिक्षणाला तो आला नाही की अर्ज तिथेच थांबतो, आणि रोज घरात असणाऱ्या सुनेला किंवा बहिणीला कुणी विचारलेलंच नसतं.

पोटातून करायच्या, म्हणजे पेरिटोनियल डायलिसिसला यातलं नळजोडणी आणि पाणी तपासणीचं प्रकरण लागत नाही. द्रवाच्या पिशव्या तयार येतात. तिथे प्रश्न येतो जागेचा: महिन्याभराची खोकी कोरड्या जागी मावतील का, हे टेप घेऊन मोजूनच फॉर्मवर 'हो' लिहा.