पार्श्वभूमी : व्यक्तिमत्त्वाचे पंचघटक प्रारूप
बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांविषयीचा खुलेपणा ही पाच परिमाणे आज व्यक्तिमत्त्व संशोधनात सर्रास वापरली जातात. मात्र त्यांना मान्यता मिळण्यास अर्धे शतक लागले. 1936 मध्ये मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी वेबस्टरच्या इंग्रजी शब्दकोशातून माणसांमधील फरक दाखवणारे 17,953 शब्द वेचले, आणि त्यांपैकी सुमारे साडेचार हजार शब्द स्थिर स्वभावगुणांचे ठरवले. रेमंड कॅटेल यांनी 1940च्या दशकात त्यांचे 35 गट पाडले.

याच गटांच्या आधारे अमेरिकी हवाई दलातील ट्यूप्स आणि क्रिस्टल यांनी लोकांच्या आठ वेगवेगळ्या नमुन्यांची माहिती तपासली, तेव्हा प्रत्येक वेळी तेच पाच घटक पुढे आले. परंतु 1961चा हा निष्कर्ष हवाई दलाच्या तांत्रिक अहवालात छापला गेल्याने बहुतेक अभ्यासकांच्या नजरेस पडलाच नाही.

त्यातच 1968 मध्ये वॉल्टर मिशेल यांनी या क्षेत्राच्या मुळावरच बोट ठेवले. चाचणीतील गुण आणि प्रत्यक्ष वर्तन यांतील सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण मेळ, 0 म्हणजे काहीच मेळ नाही) क्वचितच 0.30 च्या पुढे जातो, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या आधी हार्टशॉर्न आणि मे यांच्या 1928च्या अभ्यासातही, वर्गात कॉपी करणारे मूल खेळातही फसवेलच असे नाही, हे दिसले होते. मग स्वभाव म्हणायचा तरी कशाला? पुढील दशकभर हा वाद चालला आणि माझ्या मते या क्षेत्राला सर्वाधिक शिस्त त्यानेच लावली. सिमोर एपस्टाइन यांनी 1979 मध्ये दाखवले की एखाद्या प्रसंगावरून माणूस ओळखता येत नसला, तरी अनेक दिवसांच्या नोंदींची सरासरी काढली की त्याच्या वागण्यातील सातत्य स्पष्ट दिसते. खुद्द मिशेल यांनीही 1995 मध्ये युइची शोडा यांच्यासह, कोणत्या परिस्थितीत कोण कसे वागतो याचा ठरावीक साचाच व्यक्तीची ओळख असतो, अशी मांडणी केली.

दरम्यान लुईस गोल्डबर्ग यांनी पाच घटकांना पुन्हा चर्चेत आणले, तर पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांच्या 1992च्या 240 विधानांच्या सुधारित प्रश्नावलीने ते जगभर पोहोचवले. मात्र 2013 मध्ये बोलिव्हियातील शेती आणि शिकारीवर जगणाऱ्या त्सिमाने समाजातील 632 प्रौढांच्या उत्तरांत ही पंचघटक रचना आढळली नाही. तेथे समाजाभिमुखता आणि उद्यमशीलता असे दोनच व्यापक घटक ठळकपणे दिसले.