इंजिनच्या भागांचे रंगकाम आणि पृष्ठलेपन

मोटारगाडीचे इंजिन उघडून दुरुस्त करताना त्याच्या बाहेरच्या भागांना नव्याने रंग, पावडर कोटिंग (कोरडी पावडर फवारून भट्टीत भाजलेला थर) किंवा धातूचा मुलामा देतात. कशाला काय लावायचे हे दोन गोष्टींवर ठरते: भाग किती तापतो आणि तो कोणत्या धातूचा आहे. रंगछटा त्यानंतर.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा), टॅपेट कव्हर (माथ्यावरचे झाकण) आणि ऑइल संप (तळाचे तेलाचे भांडे) साधारण ९० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. त्यांना इंजिन एनॅमल, म्हणजे इंजिनसाठीचा उष्णता सोसणारा रंग, पुरते. ते प्रकारानुसार १५० ते २६० अंश सोसते. घरगुती ऑइल पेंट इथे कामाचा नाही: तो उष्णतेने पिवळा पडतो आणि पेट्रोल सांडले की मऊ होऊन निघतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करून बाहेर नेणारी नळी) भाराखाली ६०० अंशांच्याही वर जाते, म्हणून तिथे सिलिकॉनयुक्त उष्णतारोधक रंग किंवा सिरॅमिक कोटिंगच हवे. डब्यावरचे कमाल तापमान बहुधा थोडा वेळ सोसण्याचे असते, सतत सोसण्याचे नव्हे. निवडताना थोडी सवड ठेवावी.

रंग निघतो तो बहुतेक वेळा तयारी कच्ची राहिल्यामुळे. बिडात (ओतीव लोखंडात) वर्षानुवर्षे तेल मुरलेले असते. डिग्रीसरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) धुऊन भाग कोमट केला की ते पुन्हा वर येते, तेव्हा परत पुसावे लागते. पृष्ठभागावर पाणी थेंब न धरता सलग पसरले, तर तो स्वच्छ झाला असे समजावे. धुतलेल्या उघड्या बिडावर काही मिनिटांतच तांबूस गंज धरतो, म्हणून लगेच वाळवून प्रायमर मारावा. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा कधीही लावू नये, तो धातूच खातो. त्यावर साधा प्रायमर नीट धरत नाही. एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा प्रायमर, वापरावा. ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण मारून केलेली सफाई, सर्वांत धोक्याचे: टॅपेट कव्हरच्या आतल्या बॅफलखाली (तेल अडवणाऱ्या पत्र्याखाली) अडकलेले ग्लास बीड, म्हणजे काचेचे बारीक मणी, पुढे तेलात उतरतात आणि बेअरिंग ओरबाडतात. बॅफल सुटत नसेल तर ते कव्हर ब्लास्ट करूच नये.

एनॅमलचे दोन-तीन पातळ हात सुमारे १० मिनिटांच्या अंतराने द्यावेत. पुढचा हात देण्याची मुदत डब्यावर असते. ती टळल्यावर मारलेला हात खालच्या अर्धवट वाळलेल्या थराला सुरकुत्या पाडतो. दोन घटकांच्या रंगातील हार्डनरमध्ये (रंग कडक करणाऱ्या घटकात) आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, त्यामुळे तो फवारताना बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

मॅनिफोल्डचा सिलिकॉन रंग साध्या प्रायमरशिवाय, थेट धातूवर बसतो आणि भाजल्याशिवाय पक्का होत नाही. सर्वसाधारण क्रम असा: १२०, २०० आणि ३१५ अंशांवर प्रत्येकी अर्धा तास, मध्ये थंड होऊ देऊन. हा क्रम टाळून गाडी थेट पळवली तर पोपडे निघतात.

ब्रॅकेट आणि टॅपेट कव्हरसाठी पावडर कोटिंग टिकाऊ. ते सुमारे १८० ते २०० अंशांवर भाजतात. ओतीव भागाच्या छिद्रांतील तेल आणि हवा त्या वेळी बाहेर पडून फोड येतात, म्हणून भाग आधी पावडर न लावता त्याहून थोडा जास्त तापवून घ्यावा. थर ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. तो बोल्टच्या डोक्याखाली राहिला तर कालांतराने दबतो आणि बोल्ट ढिला पडतो. तेवढी जागा झाकूनच फवारावे.

बोल्ट आणि क्लिपांना झिंक प्लेटिंग उत्तम. मात्र १०.९ आणि त्यावरच्या प्रतीच्या (जास्त ताकदीच्या) बोल्टमध्ये प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो. हा हायड्रोजन काढण्यासाठी प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर कित्येक तास भाजतात. कनेक्टिंग रॉड आणि सिलिंडर हेडच्या बोल्टना मात्र प्लेटिंग करूच नये.

गॅस्केटचे तोंड, आटे, पुलीच्या खाचा, रबर आणि अर्थिंगची जागा कोरीच ठेवावी. एकाच तारेचा ऑइल प्रेशर स्विच आट्यांतूनच अर्थ घेतो. तिथे रंग गेला तर तेलाचा दाब घसरूनही डॅशबोर्डवरचा दिवा लागत नाही.