चुलीचा धूर आणि बाहेर न पडणारा श्वास

कोकणात घरोघरी गॅस आला, पण न्हाणीघराची चूल काही विझली नाही. चहा गॅसवर होतो. आंघोळीचं पाणी मात्र अजून नारळाची सोडणं, झावळ्या आणि मिळेल त्या लाकडावर तापतं. पावसात लाकूड दमट असतं, म्हणून धूर जास्त. त्यात झड आत येते म्हणून खिडकी बंद. अशा धुरात फुंकणी घेऊन उभं आयुष्य काढलेली बाई साठीला आली की पाखाडी चढताना मध्येच थांबते. ‘धाप लागता’ म्हणते. घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. तिनं कधी विडीला हात लावलेला नसतो, त्यामुळे सीओपीडीची, म्हणजे श्वासाची वाट कायमची अडवणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची, शंकाही कुणाला येत नाही.

ती यायला हवी. 2009 साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हेच मांडलं: धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो, आणि जगाचा विचार केला तर जळणाचा धूर हे त्याचं कदाचित सर्वांत मोठं कारण असावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2021 मध्ये सीओपीडीनं सुमारे 35 लाख माणसं दगावली. विडी-सिगारेट दोषी आहेच, चिरेखाणीतली धूळही आहे. दार लावून उशाशी जाळलेली डासांची कॉइलही निर्धोक नाही.

हा आजार समजून घ्यायचा तर एक गोष्ट पक्की धरावी. रुग्णाला वाटतं की श्वास आत जात नाही. खरं तर आधीचा श्वास पुरता बाहेर पडलेला नसतो. फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना स्वतःचा ताठपणा फारसा नसतो. भोवतालचे लवचीक तंतू त्यांना चहूबाजूंनी ओढून उघडं ठेवतात, जाळ्याचे ताणलेले दोर मधला फास उघडा ठेवतात तसं. वर्षानुवर्षांच्या धुरानं हे तंतू तुटतात, नलिकांना सूज येते, कफ साचतो. मग श्वास सोडताना नलिका मिटतात आणि हवा आतच अडकते. छाती कायम फुगलेली, मग नव्या हवेला जागा कुठून मिळणार? घाईनं चाललं की श्वास भराभर होतो, सोडायला वेळ आणखी कमी मिळतो आणि अडकलेली हवा वाढते.

निदानही यावरच बेतलेलं आहे. स्पायरोमेट्रीत जोरात फुंकायला लावतात. नलिका रुंदावणारं औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर अडथळा कायमचा आहे असं धरतात. नुसत्या एक्स-रेवर विसंबू नये. सुरुवातीला तो साफ दिसू शकतो.

तुटलेले तंतू परत जुळत नाहीत. पण धूर आणि विडी थांबली की पुढची झीज मंदावते, आणि हे कुठल्याही औषधाहून मोलाचं आहे. माझ्या मते घरात या आजाराचा माणूस असेल तर पहिला खर्च पाणी तापवायच्या गीझरवर किंवा सोलर बंबावर करावा, टॉनिकवर नव्हे.

पाखाडी चढायचीच असेल तर उभं राहून नाकानं श्वास घ्यावा आणि पायरी चढताना, शीळ घालतो तसे ओठ करून, हळूहळू सोडावा. ओठांशी झालेल्या अडथळ्यामुळे आत थोडा दाब टिकतो, नलिका जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा निघते. धाप लागेल म्हणून चालणंच बंद करणं मात्र घातक. पायाचे स्नायू दुबळे झाले की तेवढ्याच कामाला जास्त धाप लागते. पोट तुडुंब भरलं की छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला खाली सरकायला जागा उरत नाही, म्हणून थोडं थोडं चार वेळा खावं. नुसत्या पेजेवर राहू नये. कुळथाची पिठी, बांगडा, अंडी हवीत, कारण श्वास घेण्यातच या माणसांची बरीच ताकद खर्च होते.

इनहेलरची सवय लागते, हा समज अजून गेलेला नाही. सवय लागत नाही. चुकीचा ओढला तर औषध घशातच राहतं, एवढंच. पंपाचं औषध सावकाश ओढायचं, कॅप्सूलमधली पावडर जोरात, आणि दोन्हींत दहा सेकंद श्वास रोखायचा. स्टेरॉइड असलेल्या इनहेलरनंतर चूळ भरायची. कोकणच्या पावसाळ्यात आणखी एक पथ्य: पावडरच्या कॅप्सूल दमट हवेत मऊ पडतात, पावडर चिकटते आणि डोस कमी पोचतो. त्यामुळे कॅप्सूल घ्यायच्या वेळीच बाहेर काढावी, बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावावं आणि ती न्हाणीघराजवळच्या फळीवर ठेवू नये.

फ्लू आणि न्यूमोकोकसची लस डॉक्टरांना विचारून घ्यावी. कफ वाढला, त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला किंवा नेहमीपेक्षा धाप जास्त लागू लागली, तर उद्यावर ढकलू नये. ओठ निळसर दिसले, बोलताना वाक्य पुरं होईना किंवा माणूस गुंगू लागला, तर थेट इस्पितळ.

रक्तातला ऑक्सिजन कायम फार कमी असेल, तर घरी दिवसाचे किमान 15 तास तो घेतल्यानं आयुष्य वाढतं, हे 1980-81 मधल्या दोन चाचण्यांत दिसलं. पण जास्त म्हणजे चांगला, असं इथं नाही. काहींच्या रक्तात त्यानं कार्बन डायऑक्साइड साचतो, म्हणून आजार बळावल्यावर डॉक्टर साधारणपणे रक्तातला ऑक्सिजन 88 ते 92 टक्के ठेवायचं लक्ष्य धरतात. नळीचा वेग आपल्या मनानं वाढवू नये. पावसात वीज गेली की ऑक्सिजन देणारं यंत्र बंद पडतं, तेव्हा भरलेला सिलिंडर हाताशी असावा. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत चूल, विडी किंवा समई, काहीच पेटतं नको.