लीज एक्स्टेन्शन : इंग्लंड-वेल्समधले लीजहोल्ड फ्लॅट

लीजहोल्ड फ्लॅटच्या लीजची मुदत पैसे भरून वाढवून घेणं म्हणजे लीज एक्स्टेन्शन. हा मामला मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सचा, शेजारच्या स्कॉटलंडमध्ये ही भानगड जवळपास नाहीच. इंग्लंडमध्ये फ्लॅट विकत घेतला म्हणजे बहुतेक वेळा 99, 125 किंवा 999 वर्षांची लीज घेतलेली असते, बिल्डिंग आणि जमीन फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाची, आणि मुदत संपली की कागदोपत्री फ्लॅट परत त्याचा. आपल्याकडच्या माणसाला लीजची जमीन काही नवीन नाही, नवी मुंबईत सिडकोचे प्लॉट लीजवरच दिलेत, पण तिथं ती डोकेदुखी सोसायटीची असते. लंडनमध्ये प्रत्येक फ्लॅटची लीज वेगळी, शेजाऱ्याने वाढवली म्हणून तुमची वाढत नाही.

99 वर्षं ऐकायला खूप वाटतात, पण 1985 ची लीज 2004 लाच 80 वर आली. कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) घरं भाडेकरूंना विकायचा कायदा 1980 चा, त्यातल्या बऱ्याच फ्लॅट्सना 125 वर्षं मिळाली, म्हणजे 1982 ची लीज 2027 मध्ये 80 वर येते. आणि सगळा खेळ या 80 च्या आकड्याचाच आहे.

लीज वाढवायचा कायदेशीर हक्क 1993 च्या कायद्यातून आला. त्याप्रमाणे उरलेल्या मुदतीत 90 वर्षांची भर पडते आणि ग्राउंड रेंट (फ्रीहोल्डरला दरवर्षी द्यायचं जमिनीचं भाडं) शून्य होतं. बदल्यात फ्रीहोल्डरला प्रीमियम द्यायचा, वर त्याच्या वकिलाचा आणि व्हॅल्युएशनचा वाजवी खर्चही आपणच भरायचा (हे वाचून प्रत्येकजण एकदा तरी चिडतो). प्रीमियममध्ये तीन गोष्टी धरतात: बुडणारं ग्राउंड रेंट, फ्लॅट परत मिळायला आणखी 90 वर्षं थांबावं लागणार त्याची भरपाई, आणि मुदत 80 वर्षं किंवा कमी असेल तर मॅरेज व्हॅल्यूचा अर्धा वाटा, म्हणजे लीज वाढल्यामुळे फ्लॅटची जी किंमत वाढली तिच्यातून पहिल्या दोन रकमा वजा जाता जे उरतं त्याचा निम्मा भाग.

समजा लांब लीजसह फ्लॅटची किंमत 3 लाख पाउंड आणि ग्राउंड रेंट वर्षाला 200. 81 वर्षं उरली असताना, पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायला परतीच्या हक्काला (मुदत संपल्यावर फ्लॅट परत मिळण्याच्या) नेहमीचा 5 टक्के दर आणि ग्राउंड रेंटला 7 टक्के धरला तर प्रीमियम साधारण साडेआठ हजार येतो. तोच माणूस तीन वर्षं आज करू उद्या करू करत 78 वर आला आणि आहे त्या लीजसह फ्लॅटची किंमत 2 लाख 80 हजार धरली, तर मॅरेज व्हॅल्यूचेच पाचेक हजार वाढतात आणि एकूण आकडा पंधरा हजारांच्या आसपास जातो. लीज आणखी आखूड झाली की बँका मॉर्गेज द्यायला कां कू करतात, मग गिऱ्हाईकही मिळत नाही.

रीतसर मार्ग म्हणजे 1993 च्या त्याच कायद्यातल्या कलम 42 ची नोटीस. सर्व्हेयरकडून व्हॅल्युएशन करून घ्यायचं, सॉलिसिटरने (वकिलाने) नोटीस बजावायची, आणि त्याच तारखेला व्हॅल्युएशनचा दिवस गोठतो, पुढे वाटाघाटीत वर्ष गेलं तरी 80 च्या वर होतात ते वरच राहता. फ्रीहोल्डरला उत्तराला किमान दोन महिने मिळतात. त्याने मुदतीत उत्तर दिलंच नाही तर काउंटी कोर्टात जाऊन आपल्या नोटिशीतल्या अटींवर लीज मागता येते. उत्तर आलं पण आकडा जमला नाही तर ट्रायब्युनल (असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण), आणि तिथला अर्ज उत्तर मिळाल्यापासून दोन ते सहा महिन्यांच्या आतच करायचा, ती तारीख चुकली की नोटीस मागे घेतली असंच धरतात. पूर्वी नोटिशीआधी दोन वर्षं मालकी लागायची, ती अट 31 जानेवारी 2025 पासून गेली.

दुसरा मार्ग आपसातला. फ्रीहोल्डर स्वतःच पत्र पाठवतो, 'लीज परत 125 करून देतो, कमी पैशात, झटपट'. कधीकधी सौदा खरंच बरा असतो, पण नुसता प्रीमियम बघून सही करू नये, कारण जुन्या लीजची जेवढी वर्षं उरलीत तेवढ्या काळापुरतं ग्राउंड रेंट तसंच चालू ठेवता येतं, आणि ते दर काही वर्षांनी दुप्पट व्हायचं कलम आत असेल तर पुढे फ्लॅट विकताना घेणाऱ्याचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो. अशा बोलण्यांत महिने गेले तरी 80 चं घड्याळ थांबत नाही ते वेगळंच.

मे 2024 मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात 90 च्या जागी 990 वर्षं आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द अशी तरतूद आहे. फ्रीहोल्डर त्याविरुद्ध हायकोर्टात गेले आणि ऑक्टोबर 2025 मध्ये हरले, तरी ही कलमं 2025 संपेपर्यंत लागू झाली नव्हती. त्यामुळे 70 च्या घरात असलेले बरेच लोक वाट बघणं पसंत करतात, त्यांची मॅरेज व्हॅल्यू तशीही सुरू झालेली आहे. 81-82 वाल्याने मात्र सरकारच्या भरवशावर बसण्यापेक्षा नोटीस देऊन मोकळं व्हावं. नोटीस दिल्यावर फ्लॅट विकायचा झाला तर ती घेणाऱ्याच्या नावे करून देता येते, फक्त हे काम विक्रीच्या कागदपत्रांसोबतच उरकावं लागतं.